हीलच्या टिपा झिजल्यात, टायरचं रबर मारू की पीयूची टिप बसवू?

मृदुला_ताराबाईपार्क

नमस्कार मंडळी, चप्पल-बुटातलं खरं कळणारी माणसं इथं आहेत म्हणून विचारते. माझ्याकडं दोन जोड आहेत, एक काळा पेन्सिल हील आणि एक तपकिरी ब्लॉक हील. दोन्हीचं वरचं सगळं एकदम चांगलं आहे, शिलाई कुठं उसवलेली नाही, आतलं अस्तर पण धड आहे, पण खालच्या टिपा पार गेल्यात. पेन्सिल हीलच्या एका पायाची टिप तर जवळजवळ नाहीच, चालताना लोखंड आपटल्यासारखा टकटक आवाज येतो आणि बँकेतल्या ग्रॅनाईटवर पाय सटकतो. ब्लॉक हीलची मागची बाहेरची कड तिरकी झिजलीय, काउंटरला जरा वेळ उभी राहिले की पाय बाहेर कलतोय असं वाटतं आणि संध्याकाळी घोटा दुखतो.

एकाकडं दाखवलं तर तो म्हणाला टायरचं रबर कापून चुका (बारीक खिळे) मारून देतो, दुसरा म्हणाला रेडिमेड पीयूची (पॉलियुरेथेन, एक चिवट प्लास्टिक) टिप येती ती बसवा, आणि एका दुकानात तर मॅडम नवीनच घ्या असं सांगितलं. टाच सोडून सगळं चांगलं असताना नवीन कशाला घेऊ? मला खरंच हे जोड टाकायचे नाहीत.

तर टायर की पीयू, पिनवाली टिप घरी बदलता येते का, चिकटवायला काय वापरायचं, आणि हे सगळं आपल्या कोल्हापूरच्या पावसात टिकतं का? तुळशीची लग्नं झाली की लगेच बहिणीचं लग्न आहे, रिसेप्शन लॉनवर आहे, तोपर्यंत दोन्ही जोड तयार पायजेत.

चामडं_आणि_वादी

ताई, पहिलं काम म्हणजे तो काळा जोड आजपासून घालायचा बंद करा. टकटक आवाज येतोय म्हणजे टिपेचं प्लास्टिक संपलं आणि आतल्या पिनेचं डोकं फरशीला लागतंय. त्यामुळंच पाय सटकतो, कारण गुळगुळीत ग्रॅनाईटवर लोखंडाला पकड नसती. आणि आणखी थोडं चाललात तर हीलचं स्वतःचं प्लास्टिक घासायला लागंल, त्याच्यावर गुंडाळलेलं रेक्झिन खालून फाटून वर गोळा होईल, आणि ते एकदा झालं की कुठलाच कारागीर पहिल्यासारखं करून देऊ शकत नाही. टिप ही झिजायलाच असती, सायकलच्या ब्रेकच्या रबरासारखी. नवीन असताना साधारण पाच-सहा एमएम जाड असती, दीड-दोन एमएम उरली की बदलायची, संपायची वाट बघायची नाही.

आता आत काय असतं ते सांगतो म्हणजे कुणी काय सांगतंय ते तुम्हालाच तपासता येईल. पेन्सिल हील कडक प्लास्टिकची असती, बहुतेक एबीएस, आणि एवढ्या बारीक प्लास्टिकवर माणसाचं वजन पडून ते मोडू नये म्हणून आत उभी स्टीलची नळी घातलेली असती. टिपेच्या पोटातली पिन त्या नळीत घट्ट ठोकून बसवतात, बस्स, तेवढ्यावरच ती धरून असती. त्यामुळं पेन्सिल हीलला टायरचा तुकडा लावून वरनं चूक मारायची म्हणजे चूक एकतर नळीत सैल बसणार नाहीतर बाजूच्या प्लास्टिकमधी शिरून हील चिरणार. जो पेन्सिल हीलला टायर लावतो म्हणतोय त्याच्याकडं ते काम देऊ नका. माणूस वाईट नसंल, पण हे काम त्याच्या रोजच्या हातातलं नाही.

टायरला मी नावं ठेवत नाही हां. टायर सोलच्या चपला शेतात, गुऱ्हाळावर, खडीवर घालून लोकांनी वर्षानुवर्षं काढल्यात आणि अजून काढतात. पण टायरच्या आत दोऱ्याचे थर असतात, बारीक तुकडा कापला की कडेनं ते दोरे बाहेर येतात, शिवाय तुकडा मुळात गोलाईतला असतो तो सपाट बसायला मागत नाही, कडा उचलतात. आणि काळं रबर फिक्या फरशीवर रेघा उठवतं. तुमच्या ब्लॉक हीलला सुद्धा टायर नको, त्यासाठी कडक रबरचं सपाट शीट मिळतं ते घ्या, नाहीतर टीपीयूचं, म्हणजे पीयूच्याच एका प्रकाराचं. मायक्रो शीट (बारीक छिद्रांचं रबर) कुणी दिलं तर घेऊ नका, ते मऊ असतं, तळव्याखाली चांगलं वाटतं पण टाचेच्या कडेला सगळं वजन एकदम येतं तिथं ते लगेच दबून जातं. फोमसारखं ईव्हीए पण तसंच.

ब्लॉक हीलचं काम असं होतं. जुना टॉप म्हणजे हीलच्या तळाचा झिजणारा थर, त्याच्या कडेखाली रापी (चामडं कापायचं धारदार हत्यार) घालून तो उचलायचा, जंबूरनं (खिळे उपसायच्या पकडीनं) जुन्या चुका एकेक करून सरळ वर ओढायच्या, आडव्या हिसडायच्या नाहीत, प्लास्टिक चिरतं. मग तिरकी झीज फक्त टॉपमधी आहे का हीलपर्यंत गेलीय ते बघायचं. हीलपर्यंत गेली असंल तर काही जण कानस मारून सगळी हीलच खाली सपाट करतात, हे सोपं असतं पण तसं केलं की टाच बुटकी होती, चवडा वर उचलतो आणि चाल बिघडती, आणि दोन्ही पायात फरक पडतो तो वेगळाच. त्यापेक्षा जेवढं झिजलंय तेवढी पाचर चामड्याची किंवा कडक रबराची कापून चिकटवायची, ती सपाट घासून घ्यायची, आणि मग त्याच्यावर नवीन टॉप. हे काम वेळ खातं म्हणून लोक टाळतात. तुमचा घोटा दुखतोय तो या तिरकेपणानंच असायची शक्यता जास्त आहे, त्यामुळं पाचरीशिवाय काम घेऊ नका.

चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग कानसीनं किंवा जाड पॉलिश पेपरनं खरबरीत करायचे, भुगा पूर्ण पुसायचा. सोल्युशन, म्हणजे चप्पल-बुटांचा गोंद, दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, एका बाजूला थापून लगेच दाबायचं नाही. बोट लावलं तर चिकटत नाही पण ओढ जाणवती एवढं वाळू द्यायचं, उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आत्ता हवेत ओल आहे तर जास्त. मग नीट बघून ठेवायचं कारण या सोल्युशनला एकदा टेकलं की सरकवता येत नाही, आणि मधून कडेकडे हातोडीनं ठोकत जायचं. दाब महत्त्वाचा, नुसती वेळ नाही.

चुका मारायच्या का नाही हे हील बघून ठरतं. बऱ्याच ब्लॉक हील आतून पोकळ असतात, आत नुसत्या पट्ट्या, तिथं चूक धरत नाही. बोटानं ठोकून आवाज ऐकला की कळतं. भरीव जागा असंल तिथंच चुका, कडेपासून आत, आणि डोकं रबराच्या पातळीखाली गेलं पायजे. नंतर रापीनं कडा छाटायच्या, कानस, मग बारीक पॉलिश पेपर, मग कडेला रंग.

जोडीतल्या एकाच पायाची टिप गेली असली तरी दोन्ही बदला, दोन्हीकडची उंची सारखी राहिली पायजे.

उद्यमनगर_टर्नर

वरच्या भावांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त पिनेचं सांगतो कारण माझं काम लेथवरचं आहे आणि घरच्यांच्या सँडलच्या पिना माझ्याकडंच येतात.

टिप विकत घेताना लोक फक्त टिपेचा आकार बघतात आणि पिनेची जाडी बघत नाहीत, तिथंच गडबड होती. पिना वेगवेगळ्या जाडीच्या येतात, अडीच एमएम, तीन एमएम, त्याच्या आगंमागं. नळी तीनची आणि पिन पावणेतीनची असंल तर डोळ्याला फरक दिसत नाही पण टिप चार दिवसांत पडती. म्हणून जुनी पिन काढा, व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या साधनानं) मापा, तेवढीच किंवा केसभर जाड पिन असलेली टिप घ्या. व्हर्नियर नसंल तर उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमधी जा, मापून द्यायला कुणी नाही म्हणणार नाही.

काढताना सँडल उलटी दोन गुडघ्यांत धरायची, जंबूरनं टिप किंवा पिनेचं डोकं पकडून थोडं थोडं गोल फिरवत सरळ वर ओढायचं. कडेला वाकवून उपसायचं नाही, नळीचं तोंड फाकतं आणि मग कुठलीच पिन धरत नाही. डोकं झिजून पिन आतच राहिली असंल तर घरी नाद करू नका, पिनेच्या बरोबर मधी पंच मारून बारीक ड्रिलनं ती काढावी लागती आणि ड्रिल जरा तिरकं गेलं तर हील गेली.

नवीन पिन किंचित सैल वाटली तर ती काढून ऐरणीवर ठेवायची आणि मधोमध हातोडीचा एकच हलका दणका द्यायचा, पिन नावापुरती चपटी होती आणि नळीत दोन बाजूंनी धरून बसती. जुने कारागीर हेच करतात. काही जण नळीत इन्स्टंट गम ओततात, ते करू नका. तो गम कडक पण ठिसूळ असतो, टाचेला प्रत्येक पावलाला दणका बसतो त्यात तो तडकतो, आणि तडकला नाही तर पुढच्या वेळी पिन निघत नाही. दोन्हीकडनं तोटाच.

ठोकताना हीलच्या रेषेत सरळ ठोकायचं, आणि सँडलच्या आतून टाचेला आधार पायजे. कारागिराकडं तीन पायांची लोखंडी ऐरण असती, तिच्यावर बूट उलटा घातला की आतून टाच टेकती. घरी खलबत्त्यातला बत्ता फडक्यात गुंडाळून उभा धरा आणि त्याच्यावर सँडल उलटी घाला, काम होतंय. आधाराशिवाय हवेत धरून ठोकलं तर दणका टिपेला न बसता हील जिथं सोलला जोडलीय त्या स्क्रूंना बसतो आणि हीलच डुगडुगायला लागती.

मृदुला_ताराबाईपार्क

एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, दोघांचे मनापासून आभार. एक शंका, दुकानात मला दोन प्रकारच्या पीयू टिपा दाखवल्या, एक बोटानं दाबली तर थोडी दबत होती आणि एक अगदी दगडासारखी. दुकानदार म्हणाला कडक जास्त टिकती. पण मला तर सटकण्याची भीती आहे, मग मऊ घेऊ का?

उद्यमनगर_टर्नर

दुकानदार खोटं बोलत नाही, कडक जास्त टिकती हे खरंय, पण गुळगुळीत ओल्या फरशीवर तिची पकड कमी. रबर-प्लास्टिकचा कडकपणा शोअर स्केलवर मापतात, हीलच्या टिपा शोअर ए वर साधारण ९० च्या आसपास किंवा पुढं असतात, त्या मानानं स्पोर्ट्स बुटाचा सोल बराच मऊ. पेन्सिल हीलची टिप मुळात एक चौरस सेंटीमीटरच्या आसपास, पाऊल टाकताना ५५-६० किलोचं वजन क्षणभर तेवढ्याशा जागेवर येतं. फार मऊ घेतली तर ती पिनेच्या भोवती फाटती, आठवडाभरात पिनेचं डोकं परत बाहेर. म्हणून पेन्सिलला दबणारी नको, पण नायलॉनची दगडासारखी पण नको. नखानं दाबल्यावर किंचित खूण उमटून परत भरून येती ती घ्या. ब्लॉक हीलला जागा मोठी असती, तिथं रबर चालतं, पकड पण चांगली मिळती.

चामडं_आणि_वादी

नखाची खूण बरोबर. फक्त एक भर, पेन्सिलची टिप हीलच्या तळापेक्षा अगदी किंचित मोठी घ्यायची आणि बसवल्यावर कडेनं छाटायची, लहान घेतली तर हीलची कड उघडी राहती आणि तीच आधी झिजती. छाटताना हीलला भोवती चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर कानस एकदा जरी घसरली तर रेक्झिनवर चरा पडतो. आणि एका पिनेवरची टिप बोटानं फिरवून बघा, फिरली तर बसलीच नाही असं समजा. रुंद हीलला म्हणूनच दोन पिनांची टिप येती, ती फिरत नाही.

निवृत्त_जमादार

बाळ मृदुला, मी खात्यात सगळी नोकरी परेडच्या बुटावर काढली, तेव्हा नालेबद्दल कुणीतरी सांगायला पायजे म्हणून लिहितो. तिरकी झीज थांबवायला टाचेच्या मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात अर्धचंद्रासारखी छोटी लोखंडी नाल ठोकतात. चामड्याच्या टाचेच्या जेंट्स बुटाला ती फार उपयोगी, मैदानावर, डांबरावर टाच वर्षानुवर्षं शाबूत राहती. पण तुमच्या बँकेसारख्या ग्रॅनाईटवर, दवाखान्यात, मॉलमधी अजिबात लावू नका. ओल्या फरशीवर नालेचे बूट घालून धावताना चांगली धडधाकट माणसं पडलेली मी बघितली आहेत. लेडीज सँडलला तर नालेचा विचारच नको.

तसंच टाच बाहेरून थोडी जास्त झिजणं हे बहुतेकांचं होतं, चालताना टाचेचा मागचा बाहेरचा भागच आधी टेकतो. पण आतली कड जास्त झिजत असंल किंवा दोन पायांत फारच फरक असंल तर पाय एकदा डॉक्टरला दाखवावा, तिथं मोच्याचा दोष नसतो.

आणि पावसात भिजलेले बूट गॅसजवळ, हीटरपुढं, गाडीच्या बॉनेटवर वाळवू नका, उष्णतेनं सोल्युशन सुटतं आणि चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाऱ्याला ठेवायचे, बोळे ओले झाले की बदलायचे. आम्ही पन्हाळ्याच्या पावसात असेच बूट सांभाळले.

शाहूपुरीतली_वहिनी

मृदुला, टिपांचं सगळ्यांनी सांगितलंय, मी लॉनचं सांगते. कितीही चांगली टिप बसवलीस तरी पेन्सिल हील लॉनमधी रुतणारच, विशेषतः संध्याकाळी पाणी मारलेलं असतं तेव्हा. रुतली की आपण पाय हिसडून वर काढतो आणि त्या हिसड्यात टिप मातीत राहती, लग्नात हे नेहमी होतं आणि मग नवरीची बहीण एका पायानं लंगडत फोटो काढती. त्यासाठी हीलवर चढवायच्या पारदर्शक टोप्या मिळतात, खाली रुंद चकती असती. हीलच्या तळाचं माप घेऊन घट्ट बसणाऱ्या घे, सैल घेतल्या तर त्या पण मातीत राहतात. खरं सांगू का, लॉनवर ब्लॉक हील घाल आणि पेन्सिल हॉलमधल्या विधींना ठेव.

आणि पैसे खर्च करायच्या आधी एक बघ, जोड किती जुना आहे आणि कपाटात किती वर्षं पडून होता. पीयूचे सोल दमट हवेत न वापरता पडून राहिले तरी आतून कुजतात, वरून धड दिसतात आणि घातले की भुगा होऊन पडतात. सोलच्या कडेला अंगठ्याचं नख जोरात दाब. चिकट लागलं, तुकडा निघाला किंवा चिरा दिसल्या तर टिपेवर खर्च करू नकोस, सोलच बदलायला लागेल. आपल्याकडं पावसाळ्यात कपाटं किती ओल धरतात तुला माहितीच आहे.

कापशीवाला

धाग्यात घुसतोय पण विषय टाचेचाच आहे. माझी कापशी चप्पल आहे, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, चांगली हातशिलाईची, करकर वाजणारी. तिची टाच मागून झिजून पातळ झालीय. तिला पण असंच कडक रबर आणि चुका मारून घेतलं तर चालेल का? बिंदू चौकाकडच्या एकानं पाच मिनिटांत मारून देतो म्हणून सांगितलंय.

चामडं_आणि_वादी

थांबा, मारून घेऊ नका, निदान लोखंडी चुका तरी नको. हे मी जरा पोटतिडकीनं सांगतो कारण आमच्या घरात हेच काम चालतं आणि सुभाषनगरात आमच्याकडं अशा चुका मारून खराब झालेल्या चपला नेहमी येतात.

खरी कोल्हापुरी चप्पल खिळ्यावर उभी नसती, ती चामड्याच्या वादीनं (बारीक पट्टीनं) शिवलेली असती. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. या दोन्हींत टॅनिन असतं, आणि टॅनिन, लोखंड आणि ओल हे तीन एकत्र आले की काळानिळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंडाची जुनी शाई याच गुणावर करायचे. चपलेत हे झालं की चुकेच्या भोवती काळा डाग पसरतो, चूक गंजती, आणि तेवढ्या भागातलं चामडं ठिसूळ होऊन भोक मोठं होतं. मग चूक वर येऊन टाचेला टोचती. पाच मिनिटांचं काम असतं पण चप्पल एका पावसाळ्यात जाती.

तिच्या टाचेला चामड्याचाच नवीन थर लावायचा, म्हशीच्या जाड चामड्याचा, त्याच पद्धतीनं कमावलेल्या. जुन्या थराची चकाकी घासून काढायची, चप्पल पूर्ण कोरडी असताना सोल्युशन, आणि मग कडेनं वादीनं टाके. रोज रस्त्यावर घालणार असाल तर त्या चामड्याच्या थराखाली पातळ रबर चिकटवून घ्या, ते झिजलं की फक्त रबर बदलायचं, चामड्याला हात लावायला लागत नाही. खिळा लागलाच तर पितळी.

पण आधी तुमची चप्पल खरंच साल-हिरड्याची आहे का ते बघा. झिजलेल्या कडेला चामडं आडवं कापून आतला रंग बघायचा, आतून तपकिरी-बदामी असंल तर साल-हिरड्याची, आतून निळसर राखाडी दिसलं तर क्रोमनं (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं, ते वेगळं वागतं, लवचिक असतं आणि करकर पण तशी येत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आपल्याकडच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. नाव जपलं हे चांगलंच झालं, पण घेतलेली चप्पल नीट दुरुस्त करून वापरली तर हे काम करणारे हात पण जपले जातील. नवीन चप्पल विकून जेवढं समाधान मिळत नाही तेवढं आमच्या वडलांना त्यांनीच केलेली जुनी चप्पल टाच बदलायला परत आली की मिळतं.

कापशीवाला

आतून बदामी आहे, आत्ताच बघितलं. शनिवारी सुभाषनगरात घेऊन येतो. आणि हो, मागच्या पावसात एकानं पुढच्या बाजूला एक खिळा मारला होता, त्याच्याभोवती खरंच काळं पडलंय, आत्तापर्यंत मला तो मळ वाटत होता.

चामडं_आणि_वादी

तो खिळा आधी काढू. डाग जाणार नाही पण पसरायचा थांबंल. येताना चप्पल ओली आणू नका, दोन-तीन दिवस सावलीत वाळवून आणा, ओल्या चामड्यावर सोल्युशन धरत नाही.

मृदुला_ताराबाईपार्क

अपडेट देते. काळ्या जोडाच्या दोन्ही टिपा घरीच बसवल्या. चुलत भावानं जंबूर आणला, पिना सरळ निघाल्या, त्या घेऊन उद्यमनगरात मापून आलो आणि त्याच जाडीच्या पिनेच्या टिपा महाद्वार रोडला मिळाल्या. बत्ता फडक्यात गुंडाळून आतून आधार दिला, भावानं सरळ ठोकल्या, मी चिकटपट्टी लावून कडा पॉलिश पेपरनं घासल्या. बोटानं फिरवून बघितलं, हलत नाहीत. बँकेत घालून गेले, टकटक बंद झाली आणि ग्रॅनाईटवर पाय धरून राहतोय, इतकं बरं वाटलं.

ब्लॉक हील ठोकून बघितली तर कडेला भरीव आणि मधी पोकळ आवाज येतोय, शिवाय झीज हीलपर्यंत गेलीय. ती घरी करायची नाही असं ठरवलं. कारागिराला नेमकं काय सांगू म्हणजे तो पाचर लावून देईल, नुसती हील घासून सपाट करणार नाही? आणि काम झाल्यावर घेताना काय तपासू?

चामडं_आणि_वादी

झकास काम केलंत. कारागिराला एवढंच सांगा, हील घासायची नाही, झिजलंय तेवढी पाचर भरून वरनं कडक रबरचा टॉप, चुका फक्त कडेच्या भरीव जागेत आणि त्या पण काठाला चिकटून नको. दोन्ही सँडल त्याच्यासमोर टेबलावर ठेवा आणि मागून बघा, दोन्ही सरळ उभ्या आहेत का, हातानं हलवून डुगडुगतात का. चवडा आणि टाच दोन्ही एकदम टेकली पायजे. रबराच्या कडेत नख घालून बघा, कुठं फट सापडली तर तिथं सोल्युशन नीट वाळू न देता दाबलंय, परत करून मागा. टॉपवर बोट फिरवा, चुकेचं डोकं हाताला लागता कामा नये. आणि घरी आणल्यावर त्याच दिवशी पावसात घालू नका, एक रात्र तशीच राहू दे.

चार-सहा दिवस वापरल्यावर एकदा उलटी करून बघा, चुकेचं डोकं चमकायला लागलं असंल तर ते रबरात खोल गेलेलं नाही, कारागिराकडं नेऊन आत ठोकून घ्या, त्याला दोन मिनिटं पण लागत नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी नवीन टॉपवर पहिल्यांदा चालू नका, आधी आठवडाभर घरात-ऑफिसात वापरा.

शाहूपुरीतली_वहिनी

आणि पेन्सिलच्या त्याच मापाचा टिपांचा एक जास्तीचा जोड आणून पर्समधी ठेव, पिनेची जाडी पाकिटावर पेनानं लिहून ठेव.

मृदुला_ताराबाईपार्क

लिहून ठेवली. शनिवारी ब्लॉक हील घेऊन मी पण सुभाषनगरातच येते.